ओठ उचलून दाखवा: वस्तीतल्या पोरांचे दात राखायचे तर

दात किडू नयेत म्हणून काय करावं, हे वस्तीतल्या कुठल्याही बाईला विचारा. ती घडाघडा सांगते: दोनदा ब्रश, गोड कमी, चॉकलेट नको. पेस्टच्या जाहिराती तिनंही बघितल्यात, अंगणवाडीच्या भिंतीवरचं चित्र तिच्याही डोळ्याखालून गेलंय. तरी तिच्या तीन वर्षांच्या पोराचे वरचे चार दात हिरडीलगत काळे पडून मोडलेले असतात. मग आपण तिथं जाऊन परत तेच भाषण ठोकण्यात काय अर्थ? मंडप घालायचा, ब्रश वाटायचे, फोटो काढायचा आणि जेवायला घरी यायचं, असल्या शिबिरांनी वाटणाऱ्याचं नाव होतं. पोराचा दात तेवढ्यानं वाचत नाही.

माझा दातांचा दवाखाना कोल्हापुरात राजारामपुरीत आहे. सदर बाजार, राजेंद्रनगर, विचारे माळ या भागांत मी जाते, आणि ऊस सुरू झाला की शिरोळ-कागलकडं ऊसतोड टोळ्यांच्या अड्ड्यांवर. बरोबर कधी इंटर्न पोरं-पोरी असतात, कधी अंगणवाडीच्या ताई, कधी एखादे हौशी गुरुजी. दर खेपेला नव्या माणसाला तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढते. दाताचं शिक्षण घेतलेलं नसलं तरी यातलं बहुतेक सगळं कुणालाही जमण्यासारखं आहे.

कधी जायचं आणि कुणाला गाठायचं

सकाळी दहाला गेलात तर भेटतात म्हाताऱ्या, शेळ्या आणि बारकी पोरं. बायका धुण्याभांड्याला गेलेल्या असतात. शहरातल्या वस्तीत दुपारी तीन ते पाच ही वेळ बरी. घरकाम आटोपून आलेली असते, संध्याकाळचं नळाचं पाणी आणि चूल अजून सुरू व्हायची असते. नळाला पाणी येण्याच्या वेळेला चुकूनही जाऊ नका. हंडा सोडून तुमचं कोण ऐकणार?

ऊसतोडीचं गणित वेगळं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. पहाटे अंधारात फडावर जातात, गाडी भरून जाईपर्यंत सुटका नाही. उशिरा गाडी आली तर रात्र होते. त्यामुळं तिथं अंधार पडताना, चूल पेटलेली असताना जावं लागतं, किंवा मुकादमाला विचारून तोड बंद असेल तो दिवस धरावा लागतो. मुकादमाशी आधी बोलणं हे टाळता येत नाही. मनात त्याच्याविषयी काही का असेना, त्याला न विचारता अड्ड्यात शिरलात तर बायका बोलायच्याच नाहीत.

आणि आता खरी गोष्ट. अड्ड्यावर दिवसभर बारक्यांना सांभाळते कोण? आठ-दहा वर्षांची थोरली बहीण. काखेत भाऊ, हातात उसाचं कांडकं. आईला कितीही पटवलंत तरी दिवसाचे तेरा तास पोर या बहिणीच्या ताब्यात असतं. तेव्हा तिला बाजूला सारून आईशी बोलू नका. तिलाच पुढं बसवा, तिच्या हातात टॉर्च द्या. तिच्या स्वतःच्या तोंडात नुकत्याच आलेल्या पक्क्या दाढा असतात, त्याही बघून होतात. शहरातल्या वस्तीत हीच जागा आजीची. आजीला डावलून सुनेला शहाणपण शिकवायला गेलात तर तुमच्या पाठीमागं सगळं उलटं होतं. ‘आमची पोरं काय मेली व्हय तसली?’ एवढं एक वाक्य पुरतं.

मांडीवर निजवून बघणे

याला खुर्ची लागत नाही. तुम्ही आणि आई समोरासमोर जमिनीवर किंवा बाजेवर बसा, गुडघ्याला गुडघा लावून. पोराला आईकडं तोंड करून तिच्या कमरेला पाय घालून बसवा, मग हळूच मागं तुमच्या मांडीवर डोकं टेकवा. हात आईनं धरायचे. पोर वर बघतं तेव्हा त्याला आईचा चेहरा दिसतो. ते रडणार, रडू द्या. रडताना तोंड आपोआप उघडतं आणि आपलं काम मिनिटभराचंच असतं. टोकदार हत्यार तोंडात घालायची गरज नाही, मोबाईलची बॅटरी आणि स्वच्छ धुतलेलं बोट पुरे.

त्या बोटानं वरचा ओठ उचला. आपण बघून मान हलवू नका, आईला वाकून बघायला लावा. बहुतेक आयांनी आपल्या पोराचा वरचा ओठ उचलून कधी बघितलेलाच नसतो. हिरडीला लागून दातावर खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी. ही रेघ परतवता येते, म्हणून हिच्यावर सगळा जोर. पिवळसर-तपकिरी खड्डा म्हणजे दाताचा पृष्ठभाग फुटला. तो आता पेस्टनं भरून यायचा नाही, पण थोपवता येतो. काळं आणि मोडकं म्हणजे डॉक्टरकडं.

खालचे पुढचे दात बघायला विसरू नका. झोपताना बाटली तोंडात असणाऱ्या पोरांचे वरचे दात कुजतात आणि खालचे पुढचे चार बहुतेक वेळा शाबूत राहतात, कारण चोखताना जीभ त्यांच्यावर पांघरते आणि लाळेच्या ग्रंथी तिथंच जवळ उघडतात. हे आईला दाखवलं की ‘आमच्या घराण्याचेच दात खराब’ हा मुद्दा न भांडता सुटतो. घराण्याचेच खराब असते तर खालचे चांगले कसे राहिले, असं मी विचारते आणि गप्प बसते. ती विचार करते. तो विचार तिचा असला की टिकतो, मी सांगितला की दारातून बाहेर पडेपर्यंतच.

एक ताकीद. बघताना ‘अरे बापरे’ म्हणायचं नाही, भुवया उंचवायच्या नाहीत, ‘एवढं होईपर्यंत काय करत होता?’ हे तर अजिबात नाही. इंटर्न मंडळींना हे सवयीनं निसटतं. बाई त्या क्षणी शरमते आणि पुढचं काही तिच्या कानात शिरत नाही.

आधी विचारा, मग बोला

‘गोड देता का?’ असं विचारलं की ‘न्हाई ओ’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी म्हणा, कालचा दिवस सांगा. उठल्यापासून निजेपर्यंत पोरानं तोंडात काय काय घातलं? सांगताना तिचं तिलाच ऐकू येतं. सकाळी चहात बुडवून खारी, मग चहाची बाटली, मग पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा दुपारपर्यंत पुरवून पुरवून खाल्लेला, चारला मामानं आणलेलं लॉलीपॉप, मधे उसाचं कांडकं, रात्री पुन्हा बाटली. मी बोटं मोडत जाते, तिलाही मोडायला लावते.

बोटं मोडायचं कारण असं की दाताच्या हिशेबात गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त भारी पडतं. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात. ते आम्ल वीस-तीस मिनिटं, कधी तासभरही, दाताचं कवच विरघळवत राहतं. मग लाळ ते धुऊन काढते, गेलेला चुना थोडाफार परत बसवते. दर तासाला तोंडात काही ना काही गोड पडत राहिलं तर लाळेला उसंतच मिळत नाही. रात्री तर लाळ सुटतेच कमी, म्हणून निजताना बाटली ही सगळ्यात वाईट.

हे कसं पटवायचं? शब्दांत पटत नाही. ज्या घरात शहाबादी फरशी आहे तिथं लिंबाचा थेंब टाकून दाखवा. खरं तर दाखवायचीही गरज पडत नाही. लिंबू सांडलं, लगेच पुसलं नाही की फरशीचा तुकतुकीतपणा जातो, पांढुरका डाग पडतो, हे बायकांना ठाऊकच असतं. दातावरची पांढरी रेघ म्हणजे तोच डाग, एवढं म्हटलं की बास. खोपीत फरशी कुठली असणार, तिथं अंड्याचं टरफल आणि लिंबूरस वापरा. पोरं बुडबुडे बघायला गर्दी करतात.

आता कोल्हापूरची खास अडचण: गूळ. साखर वाईट हे लोक मान्य करतात, पण गुळाला बोट लावू देत नाहीत. गूळ औषधी, गूळ थंडीत बरा, गुळानं रक्त वाढतं. गुऱ्हाळाच्या मुलखात राहून मी गुळाशी वैर धरत नाही, काकवी मलाही आवडते. पण दाताला साखर आणि गूळ सारखेच, उलट गूळ चिकटून राहतो. उसाचंही तेच. ‘ऊस चावल्यानं दात साफ हुत्यात’ असं हमखास ऐकायला येतं. तंतूंनी वरवरची घाण निघत असेल, पण रस दिवसभर तोंडात फिरतोय त्याचं काय? ज्याच्या हाताशी फुकट ऊस आहे त्याला ऊस खाऊ नको म्हणणं हा मूर्खपणा होईल. म्हणून मी सांगते, ऊस खायचा तर जेवण झाल्यावर एकदाच, पोटभर खा, मग चूळ भर. कांडकं हातात घेऊन फिरायचं नाही. हे पोरं ऐकतात, कारण बंदी घातलेली नाही.

साखर पूर्ण बंद करा, असं कुणालाही सांगू नका. रडणाऱ्या पोराला गप्प करायला आईकडं पाच रुपयांचा पुडा सोडून दुसरं काय आहे, हे आधी बघा. शेंगदाणे, फुटाणे, पेरू, गाजर, काकडी चालतात. पाच वर्षांखालच्या पोराला अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून भाकरीबरोबर द्या. आणि बिस्किटाचा पुडा द्यायचाच तर एका बैठकीत संपवू दे. दिवसभर चोखत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. हे ऐकून शिबिरातले पाहुणे चमकतात. चमकू देत.

एकच गोष्ट, आणि ती तिनं निवडलेली

मागच्या हंगामात बीडकडची एक बाई होती, लेकरू दीड-पावणेदोन वर्षांचं. वरच्या चारी दातांवर पांढऱ्या रेघा, एकावर खड्डा पडायला लागलेला. रात्री कोऱ्या चहाची बाटली तोंडात घालून निजवायची, दूध परवडत नाही म्हणून. तिनं स्वतःच सांगितलं, ‘बाई, बाटली काढली की लेकरू केकाटतंय, आजूबाजूच्या खोपीतली माणसं उठत्यात. पहाटं तीनला उठायचंय त्यान्ला.’ आता इथं ‘बाटली बंद करा’ म्हणणारा माणूस तिला शत्रूच वाटणार. मी विचारलं, यातलं काय थोडं बदलता येईल? ती म्हणाली, साखर कमी घालून बघते. ठरलं तसं: आज चार चमचे असतील तर चार दिवसांनी तीन, मग दोन. पाणी वाढवत न्यायचं. शेवटी बाटलीत नुसतं पाणी. बाटली तोंडात राहिली तरी हरकत नाही, आत काय आहे ते बदललं. शिवाय निजण्याआधी पेस्टचं बोट दातांवरून फिरवायचं. पुढच्या फेरीला बाटलीत पाणी होतं, आणि हे मला तिच्याआधी तिच्या थोरल्या लेकीनं धावत येऊन सांगितलं.

एका भेटीत एकच बदल. तीन सांगितले तर एकही होत नाही. कोणता बदल, हे तिनं ठरवायचं. आपण फक्त दोन-तीन पर्याय समोर ठेवायचे: बाटलीतली साखर, रात्रीचा ब्रश, मधल्या वेळचा पुडा. अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र पाजणं तोडायला सांगू नका. दात आलेत तर ते साफ ठेवा एवढंच सांगा.

पेस्ट, ब्रश आणि पाणी

पेस्ट घेताना एकच बघायचं: पुठ्ठ्यावर ‘फ्लोराइड’ लिहिलंय का आणि त्याचं प्रमाण सुमारे १००० पीपीएम आहे का. बऱ्याचशा लाल पावडरी आणि जडीबुटीवाल्या पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. त्यांनी तोंडाला वास चांगला येईल, कीड थांबायची नाही. राखुंडी, कोळसा, मीठ यांचंही तेच. वर ते खरखरीत. दहा रुपयांच्या छोट्या ट्यूबमध्येही फ्लोराइड असू शकतं, महागडी लागत नाही. आईला वाचता येत नसेल तर रिकामा पुठ्ठा तिच्याकडं ठेवा, दुकानात दाखवून ‘हीच द्या’ म्हणता येतं.

तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या पोराला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात ती विसरायची. एवढीशी पेस्ट बारक्यानं गिळली तरी काही होत नाही, पण ट्यूब पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, गोड लागते म्हणून चाटून संपवतात. पहिला दात दिसला की सुरू. आणि सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्यानं करून द्यायचा. पोराला स्वतः करायचा असेल तर आधी त्याला करू दे, नंतर आई एकदा फिरवेल. सोपी पद्धत म्हणजे पोराचं डोकं आपल्या मांडीत घेऊन मागून ब्रश करणं. उभ्यानं पळत्या पोराच्या मागं लागून दाढांपर्यंत कुणाचाच हात पोचत नाही.

ब्रश झाला की थुंकायचं आणि चूळ भरायची नाही. हे सांगितलं की सगळे विचित्र बघतात. चूळ भरली की फ्लोराइड धुऊन जातं, थुंकून तसंच ठेवलं तर ते दातावर काम करत राहतं. जिथं पाणी घागरीनं आणावं लागतं तिथं ही गोष्ट चटकन पटते. ‘म्हंजे रातच्याला पान्याचंबी काम न्हाई?’ न्हाई. दारात बसून ब्रश करा, कडेला थुंका, वर माती सारा, निजा. दिवसातून एकदाच जमणार असेल तर रात्रीचाच ब्रश धरा.

आणखी एक बारीकसारीक वाटणारी पण नडणारी गोष्ट: ब्रश ठेवायचा कुठं? बाथरूम नाही, बेसिन नाही. ब्रश पत्र्याच्या फटीत खोचलेला असतो, त्यावरून झुरळं फिरतात, चार पोरांत एकच वापरला जातो. मी ब्रशच्या दांड्याला रंगीत दोरा बांधते, एकेका पोराचा एकेक रंग, आणि खिळ्याला उलटा लटकवते. दोरा बांधायचं काम पोरांनाच देते. दुसऱ्याचा दोरा कुणी वापरला की भांडण होतं, तेवढीच राखण.

ब्रश वाटण्याबद्दल माझं मत ठाम आहे. आल्या आल्या वाटू नका. वाटलेत की गर्दी होते, गर्दीत कुणाशीच बोलता येत नाही. जिनं करून दाखवलं तिला द्या.

करून दाखवा

‘समजलं का?’ या प्रश्नाचं उत्तर जगात सगळीकडं ‘हो’ असंच आहे. त्याऐवजी म्हणा, ‘वहिनी, मी नीट सांगितलं का ते बघू, आता तुम्ही करून दाखवा.’ पेस्ट किती घेतली, हिरडीच्या कडेला ब्रश लागला का, मागची दाढ राहिली का, चूळ भरायला तांब्या उचलला का, सगळं समोर दिसतं. चुकलं तर हात धरून सुधारा. नंतर तिनं तेच जावेला किंवा शेजारणीला दाखवायचं. दोन बायका एकमेकींच्या पोरांचे ओठ उचलून बघायला लागल्या की तुमचं निम्मं ओझं उतरलं.

नेहमीची उत्तरं

‘दुधाचंच दात हायत, पडनारच की.’ हे तर येणारच. पुढचे पडतात सहा-सात वर्षांत, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. दुसऱ्या वर्षी किडलेली दाढ घेऊन पोरानं आठ-नऊ वर्षं चावायचं कसं? ठणका लागला की जेवण सुटतं, झोप सुटते, शाळा बुडते. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि खालच्या पक्क्या दाताला जागा उरत नाही. आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागं एक नवीन दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळं ती कधी आली ते घरात कुणाला कळत नाही. ही पक्की. ही गेली की गेली. पहिलीच्या वर्गात गेलात की प्रत्येक पोराला जिभेनं ती शोधायला लावा.

‘दातातली कीड काढून घेतली.’ रिंगणीच्या बियांची धुरी देऊन, वाटीतल्या पाण्यात अळ्या दाखवणारे लोक अजून आहेत. दाढेत अळी नसते. वाटीत दिसतं ते बियांचं. पण त्या माणसाची टिंगल करू नका, बाईनं त्याला पैसे मोजलेत. ‘दुखायचं थांबलं का?’ एवढंच विचारा.

मिश्री हा अवघड विषय. आईच मिश्री लावते आणि तेच बोट पोराच्या हिरडीवरून फिरवते, दात येताना दुखतं म्हणून. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरात तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कायदा कुठं गाठणार? आईची मिश्री एका भेटीत सुटत नाही, तो वेगळा लढा. पोराच्या तोंडात ते बोट जाऊ नये, एवढं मात्र त्याच दिवशी मागून घ्या. बायका हे कबूल करतात, आणि पोरासाठी म्हणून केलेली कबुली बऱ्याचदा पाळतातही.

शाळेत

शालेय पोषण आहारानंतरची दहा मिनिटं गुरुजींकडून मागून घ्या. ती मिळाली तर दुसरं काही नको. पाण्यात खाण्याचा लाल रंग घालून पोरांना चूळ भरायला लावा आणि आरसा द्या. जिथं घाण साचली तिथं लाल राहतं. आधी हशा, मग झटापट, मग ब्रश. मात्र रंग सदऱ्यावर सांडला की आयांचा शिव्याशाप तुम्हाला, म्हणून गळ्यात जुना टॉवेल बांधा.

वाढदिवसाला वर्गभर चॉकलेट वाटायची पद्धत झोपडपट्टीतल्या शाळेतही पोचलीय. ती मोडायला जाऊ नका, वेळ बदला. जेवण झाल्याबरोबर वाटा आणि तिथंच संपवा.

शिकवून भागत नाही तेव्हा

खड्डा पडलेल्या दाताला उपदेशाचा उपयोग नाही. पांढऱ्या रेघांवर दंतवैद्यानं फ्लोराइडचं वार्निश वर्षातून दोन ते चार वेळा लावलं तर फायदा होतो. ते ब्रशनं फासायचं, मिनिटात काम. खड्ड्यांसाठी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचा थेंब आहे. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, कीड जागेवर थांबते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये तो आवश्यक औषधांच्या यादीत घेतला. पण त्यानं किडलेला भाग कायमचा काळा होतो. हे आधी फोटो दाखवून सांगा, घरच्यांचा होकार घ्या, आणि मगच लावा. न सांगता लावलात तर ‘डागदरीननं दात काळं केलं’ ही बातमी सगळ्या गल्लीत जाते आणि पुढच्या वेळी दारं बंद.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांना एकदा तपासतात, त्यात दातही येतात. तुमच्या यादीतली पोरं त्यांना दाखवून द्या. शहरात पुढच्या उपचाराला सीपीआर, म्हणजे मोठं सरकारी रुग्णालय आहे. पण नुसती चिठ्ठी देऊ नका. चिठ्ठी दप्तरात चुरगळते. सीपीआरला जायचं म्हणजे आईचा एक दिवसाचा पगार बुडतो, केसपेपर कुठं काढायचा हे माहीत नसतं, मोठ्या इमारतीची भीती वाटते. एकाच दिवशी चार-पाच आयांना मिळून पाठवा, बरोबर एक जाणती ताई द्या. गालावर सूज, ताप, तोंड उघडता न येणं, गिळता न येणं, यातलं काही दिसलं तर मात्र उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी न्या.

परत जाणे

पुन्हा जाणार नसाल तर पहिल्यांदाही जाऊ नका, असं मी इंटर्नना तोंडावर सांगते. दुसऱ्या भेटीत विचारायचं कमी, बघायचं जास्त. पेस्टची ट्यूब बघा: ती कोरीकरकरीत असेल तर उत्तर मिळालं. ओठ उचला: हिरडीच्या कडेची रेघ अजून खडूसारखी आहे की तिला चकाकी आलीय? चकाकी आली, कडक झाली, की ती थांबली. ही चकाकी आईला दाखवायलाच हवी, ‘हे तुमच्या हातानं झालं’ असं म्हणून. काही झालं नसेल तर रागवू नका, अडलं कुठं ते विचारा. बहुतेक वेळा ट्यूब संपलेली असते, किंवा सासू आजारी पडलेली असते.

ऊसतोडीच्या पोरांना वेळ थोडा असतो. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या येतात आणि मार्चच्या सुमारास गाळप संपलं की चंबूगबाळं आवरून निघतात. तेव्हा पहिली फेरी आल्या आल्या आणि शेवटची शिमग्याच्या आत उरका. निघताना आईच्या हातात एक जाड कार्ड द्या. त्यावर वरच्या-खालच्या दातांचं चित्र, किडलेल्या दातांवर पेनानं गोल, काय लावलं त्याची तारीख, आणि गावाकडच्या आशाताईसाठी दोन ओळी मराठीत, सुवाच्य. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, नाहीतर पहिल्याच पावसात लगदा. रेशनकार्डाबरोबर ठेवायला सांगा. ती पिशवी घरातली कुणीच हरवत नाही.